जीपखाली जावई

आखाजीच्या दिवशी, ताटं वाढायच्या वेळेला, मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला जीपखाली झोपवलं, आणि वडिलांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. चूक माझी होती. लिहायला दोन ओळी पुरल्या. तोंडानं म्हणायला मात्र माझं अर्धं आयुष्य गेलं.

यंदा चैत्र सरत आला आणि जळगावच्या आमच्या घरी, पोर्चच्या फरशीवर एक डाग दिसला. बोराएवढा, काळसर, चिकट. दुसऱ्या दिवशी तो लिंबाएवढा झाला. मी खाली वाकलो, बोट लावलं आणि नाकाशी नेलं. गियर ऑइलचा वास ज्यानं एकदा घेतला तो माणूस तो विसरत नाही. गंधकाचा, जळक्या रबराचा, थोडा नासक्या अंड्याचा असा जड वास. हात कितीही धुवा, जेवताना घासाबरोबर तो पुन्हा नाकाशी येतो. इंजिनाच्या तेलाला हा वास नसतो. म्हणजे गळती मागची, डिफरन्शलची. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, इंजिनाकडून आलेला फेरा जो दोन्ही चाकांना वाटून देतो, तो डिफरन्शल. लांब दांडा जिथं त्याच्यात शिरतो तिथं एक रबरी कडं बसवलेलं असतं. त्याला सील म्हणतात. ते झिजलं की आतलं तेल थेंबथेंब बाहेर येऊ लागतं.

मी अजून वाकलेलोच होतो तेवढ्यात बायको दारात आली.

"कसला वास येतोय हो?"

"तेल गळतंय."

"नवी फरशी गेली म्हणायची." मग तिला काय आठवलं कोण जाणे, हसून म्हणाली, "आमच्या अंगणात पहिल्यांदा आला होतात तेव्हा जीप कशी लख्ख होती! खाली एक थेंब नाही. आमचे आप्पा म्हणाले होते, जो गाडी इतकी जपतो तो पोरगी पण जपेल."

ती कौतुकानं बोलली. लग्नानंतर ही गोष्ट तिनं कितीतरी वेळा सांगितली आहे, पाहुण्यांना, मुलांना, शेजारणींना. दर वेळी मी हसतो. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. पारोळ्याच्या त्या अंगणात एक थेंबही का पडला नव्हता, ते मला माहीत होतं.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. खानदेशात आखाजी दिवाळीहून मोठी. दिवाळीला एखादी लेक आली नाही तरी चालून जातं, पण आखाजीला जिचा भाऊ न्यायला आला नाही, ती सासरी तोंड लपवत फिरते. उन्हानं सगळं शिवार भाजून निघालेलं असतं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, शेतं उघडी, ढेकळं पायाला चटका देणारी. केळीच्या बागांना तेवढी हिरवळ, तीही कडेच्या पानांनी करपलेली. आणि अशा त्या दिवसांत गावोगावच्या निंबाच्या झाडांना झोके बांधले जायचे. बैलगाडीचा जाड नाडा फांदीवरून टाकलेला, त्यावर दोघी-दोघी उभ्या, पदर खोचलेले, आणि गाणं. शब्द कळायचे नाहीत, लांबून नुसता सूर यायचा आणि त्याच्या मधूनमधून फांदीचा करकर आवाज. आमच्या धरणगावकडच्या खेड्यात दुपारच्या वेळी रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही, पण निंबाखाली बायका असायच्या.

घरात वेगळीच धांदल. पितरांसाठी नवी घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं, म्हणजे खरबूज. त्याचा गोड वास माजघरात भरून राहायचा. माय चुलीवर खापर पालथं घालायची आणि पुरणाची पोळी हातावरच फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची. मी लहान असताना मला वाटायचं, आता फाटेल, आता फाटेल. ती कधी फाटली नाही. पाट्यावरच्या मसाल्याची रशी, आमरसाचं पातेलं, कुरडया तळल्याचा तडतडाट. कोपऱ्यात आंबे गवतात घातलेले. मला आजही कुठं पिकत घातलेल्या आंब्याचा वास आला की आधी गवताचा वास आठवतो, मग आंब्याचा.

या सगळ्याच्या मधोमध, पाटावर, जावई.

जावयाचं आमच्याकडे काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्यानं स्वतः उठून पाण्याचा तांब्या घेतला तरी घरातल्या बायका धावत येतात. तो पाटावर बसल्याशिवाय पंगतीत पहिला घास कुणी उचलत नाही. आखाजीला त्याला नवे कपडे करायचे, त्याच्या पायावर पाणी घालायचं. लग्नानंतरची पहिली आखाजी असली तर गावच डोकावून जातं, जावई कसा आहे, कसा बसतो, किती पोळ्या खातो.

आमच्या अक्काची ती पहिलीच आखाजी होती. अक्का माझ्याहून मोठी, एकुलती एक बहीण. मुराळी म्हणून मीच तिला धुळ्याहून घेऊन आलो होतो. दाजी सणाच्या दिवशी सकाळी मोटरसायकलवरून आले. धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या बाजूला त्यांचं गॅरेज. उंच, हसरा माणूस, बोलण्यात तिखट. लग्न ठरलं तेव्हा आमच्या भाऊबंदांत कुजबुज झाली होती, एवढी शिकलेली पोरगी फिटरला दिली म्हणून. आबा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "हातले काम शे, तोंडले दारू नही. आनखी काय पाहिजे?" बोलले होते, पण कुजबुज त्यांच्या जिव्हारी लागली होती. म्हणून त्या आखाजीला आबांनी जरा जास्तच थाट केला. दाजींना पांढरा शुभ्र शर्ट आणि पँट शिवली. भाऊबंदांना मुद्दाम जेवायला बोलावलं. बघा माझा जावई, असं त्यांना दाखवायचं होतं.

आणि मला काय दाखवायचं होतं? मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. घरात जुनी जीप घेतली होती, तिचं स्टिअरिंग माझ्या हातात आलं होतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला पारोळ्याला जायचं ठरलं होतं. जीप मागून गळायची. जिथं उभी करू तिथं डाग. मला रात्रंदिवस एकच दिसायचं: पारोळ्याचं ते सारवलेलं अंगण, रांगोळी, मुलीकडची माणसं, आणि आम्ही निघाल्यावर मागं राहिलेला माझा तो काळा, घाणेरडा डाग.

आता जे सांगतो आहे ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवं सील मी आदल्या दिवशीच धरणगावहून आणून जीपच्या खणात ठेवलं होतं. पोतंही झटकून ठेवलं होतं. म्हणजे दाजी आले आणि सहज विषय निघाला, असं झालं नाही. मी वाट बघत होतो.

चहा झाल्यावर मी त्यांना गोठ्याकडे घेऊन गेलो.

"दाजी, जरा बघता का? मागून थेंब थेंब येतंय."

त्यांनी वाकून बघितलं. "पिनियनचं सील गेलंय. उद्या घेऊन ये धुळ्याला."

"उद्या पारोळ्याला जायचंय."

ते हसले. "मग आज? आज आखाजी आहे, बाबा."

"तुम्ही घरचेच ना. तुमच्यापाशी काय परकेपणा? आणि सील आणलंय मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आज मला ती नजर कळते. नवा जावई पहिल्याच सणाला सासरच्या एकुलत्या एक पोराला नाही कसं म्हणणार? त्यांनी बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, पोतं ओढलं आणि नव्या कपड्यांनिशी आत सरकले.

मला वाटलं होतं, झटपट होईल. तसं ते काम नसतं. लांब दांडा सोडायचा, त्याच्या मागचा मोठा नट सोडायचा, तो वर्षानुवर्षं गंजून बसलेला. पान्याला पाइप लावून दाजी खालून जोर देत होते, मी वरून नुसता, "निघतोय का?" असं विचारत होतो. ऊन डोक्यावर आलं. माजघरातून ताटं मांडल्याचा आवाज आला. भाऊबंद जमले, ओट्यावर बसले. माझ्या चुलतबहिणीचा नवरा, तालुक्याच्या कचेरीत कारकून, तोही आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. एक पाट रिकामा. पोळ्या निवत होत्या. आणि गोठ्याजवळ जीपखालून दोन पाय बाहेर आलेले, पांढऱ्या पँटचे.

सगळ्यात आधी आमच्या चुलत्यांनी बघितलं. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. ते ओट्यावरूनच ओरडले, "काय भो, जवाई आनेल शे का मिस्तरी?"

जावई आणलाय का मिस्त्री, यावर सगळे हसले. कारकून जावई सगळ्यांत मोठ्यानं हसला. मीही हसलो. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. खोटं नंतर आलं, हसू आधी आलं.

आबा बाहेर आले. जीपखालचे पाय त्यांनी बघितले, ओट्यावरची तोंडं बघितली. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"कोनी सांगं व्हतं जवाईले गाडीखाल जावाले?"

कोणी सांगितलं होतं? साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"त्याच घुसनात, आबा," मी म्हणालो. "मी नकोच म्हनत व्हतू."

ते स्वतःच घुसले, मी नको म्हणत होतो. हे बोलताना मला काहीच वाटलं नाही. चेंडू आपल्या अंगावर आला की माणूस हात पुढं करतो, तसे शब्द तोंडातून गेले.

आबा चुलत्यांकडे वळले आणि तोंडात कडू आल्यासारखं म्हणाले, "ज्याले त्याले आपला धंदानी खाज ऱ्हास. सनना दिन बी सुटत नही." ज्याला त्याला आपल्या धंद्याची खाज असते, सणाच्या दिवशीही सुटत नाही.

जीपखाली पान्याचा आवाज थांबला.  मग पुन्हा सुरू झाला. दाजींनी सील बसवलं, नट आवळला, दांडा जोडला, तेल भरलं. काम पूर्ण केलं. मग बाहेर आले. पांढऱ्या शर्टाच्या पाठीला शेण, छातीवर तेलाचा पट्टा. अक्का दारात उभी होती. मायनं गरम पाणी आणलं, साबण आणला. त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि म्हणाले, "माय, पोटात बरं नाही. जेवण नको." मायनं हात जोडले. अक्कानं डोळ्यांनी विनवलं. ते मोटरसायकलला किक मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जीप पारोळ्याला गेली. अंगणात एक थेंबही पडला नाही.

त्यानंतर दाजी आमच्या घरी जेवले नाहीत. यायचे. दर आखाजीला अक्काला आणायला मी गेलो तरी परत न्यायला तेच यायचे. फाटकाशी उभे राहायचे, पाणी प्यायचे, मायच्या पाया पडायचे. कोणी "बसा" म्हटलं की "गॅरेज उघडं आहे" म्हणायचे. माझ्या लग्नात त्यांनी मांडवाच्या दोऱ्या बांधल्या, वऱ्हाडाच्या गाड्या लावल्या आणि पंगतीच्या वेळी स्टँडवर जाऊन भजी खाल्ली. आबा गेले तेव्हा तिरडीला त्यांचा खांदा होता. दहा दिवस लाकडं, पाणी, माणसांची ने-आण, सगळं त्यांनी बघितलं. जेवण मात्र शेजारच्या आळीत एका ओळखीच्या घरी.

आबांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. "मानूस कामना शे, पन ताठा भलता," असं ते म्हणायचे. माणूस कामाचा आहे, पण ताठा फार. मी जवळ बसलेला असायचो. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांचे पाय चेपत बसायचो, आणि अनेकदा ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. बाहेर आलं नाही. वाटायचं, आता कशाला, बरे झाले की सांगू. ते बरे झाले नाहीत.

आणि अक्का. आखाजीला ती यायची ती सुजलेल्या डोळ्यांनी. पहिल्या दिवशी ती झोक्यावर जायची नाही. माय विचारायची, "काय व्हयनं व?" ती म्हणायची, "काही नाही, तुमच्या जावयाला समजावत होते. एवढा कसला राग? बाप माणूस एक शब्द बोलला, विसरायचा नाही का?" दर वर्षी सणाआधी त्यांच्यात तेच भांडण. दर वर्षी मी ते ऐकायचो आणि उठून अंगणात जायचो. माझं लग्न झालं, मुलं झाली, मी शाळेत पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवत राहिलो. अक्काच्या घरात दर वैशाखात एक भांडण पेटायचं, त्याची काडी माझ्या खिशात होती.

तर यंदा, पोर्चमधला तो डाग बघून, मी गाडी काढली. जळगावात गॅरेजं काय थोडी आहेत? इतकी वर्षं मी गाडीची कामं इथंच करत आलो. दाजींकडे एकदाही गाडी नेली नव्हती. बायको म्हणाली, "धुळ्याला? एवढ्यासाठी?" मी म्हणालो, "अक्काला भेटणं होईल." तेही खरं होतं.

रस्ता आता मोठा झालाय. एरंडोल गेलं कधी, पारोळा आलं कधी, कळत नाही. पूर्वी पारोळ्यात शिरलं की बाजारातून गाडी हळूहळू काढावी लागायची. आता बाहेरूनच पूल जातो. रस्त्याकडेला डांगरांचे ढीग होते, वर ओलं गोणपाट टाकलेलं. नद्यांच्या पुलाखाली पाणी नव्हतं. झळा अशा की पुढचा ट्रक पाण्यात तरंगतोय असं वाटावं. एका खेड्याजवळ निंबाला झोका दिसला. नायलॉनचा दोर, निळा. त्यावर कोणी नव्हतं. मी गाडी जरा हळू केली आणि पुन्हा निघालो.

दाजी गॅरेजच्या दारातच होते. केस पांढरे, चष्म्याला दोरी, तोंडात तोच तिखटपणा.

"अरे, सासरवाडीची गाडी! शकूरभाई, या, हारतुरे आणा. साले साहेब आलेत!"

शकूरभाई शेजारचे खरादवाले, लेथवर लोखंड कातणारे. दोघांची दुकानं एका भिंतीला चिकटून, भांडणही रोजचं आणि चहाही रोजचा. ते एप्रनला हात पुसत बाहेर आले. "मास्टर, गाडी बिगडी तब जीजाजी याद आए?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दाजींनी मागची बाजू उचलून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवली. दांडा सोडला. नट सोडण्याआधी त्यांनी पंचानं नटावर एक टिंब मारलं, खालच्या दांड्यावर एक टिंब. "परत इथंच यायला पाहिजे. जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, कमी आवळला तर खुळखुळतं." मग जुनं सील त्यांनी उचकटून माझ्या हातात दिलं. रबर नव्हतंच ते आता, बांगडीचा तुकडा वाटावा इतकं कडक.

"नवं टाकलं की झालं ना?" मी विचारलं.

त्यांनी ज्या तुकड्यावर सील घासतं तो लोखंडी कपचा बाहेर काढून उन्हात धरला. गोल फिरवला. एक बारीक चर पडला होता. नखानं कळत होता.

शकूरभाईंनी मान हलवली. "सील कितनी बी नई डालो मास्टर, ये रहेगा तो टपकेगाच." ते तो कपचा घेऊन लेथकडे गेले. त्या चरावर लोखंडाची पातळ बाही चढवून देतो म्हणाले. लेथ सुरू झाला. मला त्या चराचा दाखला देऊन काही शिकवायचं नाही. आयुष्यभर फळ्यावर दाखलेच दिलेत. पण दर आखाजीला मी दाजींसाठी नवे कपडे न चुकता पाठवत आलो होतो. ते घडीसकट कपाटात पडलेले असतात, हे अक्कानं सांगितलं होतं.

कपचा आला. दाजी पोत्यावर आडवे झाले आणि आत सरकले. मग म्हणाले, "मास्तर, कुणीतरी धरायला पाहिजे. दांडा फिरतो."

मी शर्ट काढला नाही. तसाच खाली झोपलो आणि त्यांच्या शेजारी सरकलो. गाडीखाली आम्ही दोघं, खांद्याला खांदा. वर काळं लोखंड, मातीचे पापुद्रे, तो वास. त्या बाजूनं मी कधीच नव्हतो आलो. तिथून बाहेरची माणसं दिसत नाहीत. नुसते पाय दिसतात, आणि ऐकू सगळं येतं. शकूरभाई कुणाशी तरी काय बोलत होते ते मला शब्दन् शब्द कळत होतं.

दाजींनी सीलला आतून ग्रीस लावलं, लाकडाचा ठोकळा ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके दिले. मी पाना धरून होतो.

"दाजी, त्या आखाजीला…"

"कुठल्या?"

"पहिल्या."

ठोके थांबले नाहीत. "धर नीट. सुटतोय."

"आबांना मी खोटं सांगितलं होतं. की तुम्हीच घुसलात म्हणून."

"ऐकलं होतं मी. मागच्या चाकाशीच तर होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी नटाला पाइप लावला आणि हळूहळू आणला, टिंबाला टिंब. मग पाइप छातीवर ठेवून वर बघत म्हणाले, "काय बोलू? नव्या जावयानं गाडीखालून उठायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, तुमचं पोरगं खोटारडं आहे? तुझी अक्का दारात उभी होती रे. तिला भाऊ एकच. तिनं पुढं माहेरी कुणाच्या तोंडाकडे बघून यायचं?"

"पण जेवण…"

"ते माझं मला नाही जमलं. रागानं नाही म्हणत. पण त्या घरात मी खाज सुटलेला माणूस होतो. त्या नावानं ताटावर बसवेना." मग म्हणाले, "आबा चांगले होते. मला वाटायचं, कधीतरी आपण होऊन विचारतील."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"मला काय सांगतोस? मला माहीतच आहे. जिला माहीत नाही ती वर आहे."

त्यांचं घर गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आहे. लोखंडी जिना. मी चढलो. मागून दाजीही आले, चिंधीला हात पुसत. अक्का स्वयंपाकघरात वाळलेले पापड डब्यात भरत होती. मला बघून तिचं तोंड उजळलं.

"काय रे भाऊ! ना फोन, ना काही. आणि हे काय, पाठीला माती?"

"गाडीखाली होतो."

"तू? गाडीखाल?" ती हसली. "यंदा तुमनाकडे आखाजीले येवाना विचार करी ऱ्हायनू. पण यायले कोन समजाडी?" यांना कोण समजावेल, असं म्हणत तिनं नवऱ्याकडे बोट केलं. तीच जुनी तक्रार, थकलेल्या आवाजात. "म्हातारा व्हयना, पण ताठा काही जात नही."

दाजी खिडकीशी उभे राहिले.  

मी सांगितलं. उभ्या उभ्या. खणातल्या सीलपासून सांगितलं, झटकून ठेवलेल्या पोत्यापासून. मी हसलो तेही. आबांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. अक्काच्या हातात पापडांची चळत होती, ती तिनं डब्यात न ठेवता तशीच धरून ठेवली. एक पापड मोडला.

ती आधी नवऱ्याकडे वळली. माझ्याकडे नाही. "इतला वरीस मी तुम्हले बोलनू," ती म्हणाली. "दर सनले. तुम्ही एक शब्द नही बोलनात."

दाजींनी तिच्या हातातली चळत घेऊन डब्यात ठेवली.

मग ती माझ्याकडे बघू लागली. "आबाले सांगं व्हतं का?"

"नही."

"आबा तसाच गयात?"

"हा."

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता सांगावं की वय लहान होतं, सगळे बघत होते, दुसऱ्या दिवशी पारोळ्याला जायचं होतं. मी म्हणालोही, "अक्का, तेव्हा मी…"

"कारन नको सांगू," ती म्हणाली.

मी थांबलो.  मी पुढं झालो आणि दोघांच्या मध्ये उभा राहिलो. खाली शकूरभाईंचा लेथ बंद झाला होता. मी शाळेतली भाषा सोडून दिली आणि ज्या बोलीत खोटं बोललो होतो त्याच बोलीत म्हणालो:

"दाजी, मीच तुम्हले गाडीखाल जावाले सांगं व्हतं, आनि आबाजोडे खोटं बोलनू. अक्का, मना खोटापायी तू तुना मानूसले बोलत ऱ्हायनी. मनं चुकनं. माले माफ करा."